रोहीच्या पायाचं हाड

हाडं ओळखायचं काम मला मिळालं ते मी एक गोष्ट लपवली म्हणून. गिरजा नदीच्या काठी, केदारखेड्यापासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावात जुन्या वस्तीचं खोदकाम सुरू होणार होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्याहून आलेल्या साहेबांना प्राणिशास्त्र शिकलेला कुणीतरी इथलाच तरुण हवा होता. मी इंटर सायन्सपर्यंत शिकलेला होतो आणि पुस्तकातल्या आकृत्या मला तोंडपाठ होत्या. पण बेडूक कापायच्या तासाला मी एकदाही बसलो नव्हतो. आम्ही मारवाडी जैन, जालन्यात तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. दिवे लागल्यावर आमच्या घरात कुणी जेवत नसे, किडामुंगी तोंडात जाईल म्हणून. असल्या घरातला मुलगा बेडूक कुठून कापणार? त्या तासाला मी पोट दुखतंय म्हणून व्हरांड्यात बसायचो आणि नंतर मित्राच्या वहीतून आकृती उतरवून घ्यायचो.

साहेबांनी विचारलं, "हाडांची ओळख आहे ना?"

मी म्हणालो, "आहे."

घरी मी सांगितलं, सरकारी मोजणीचं काम आहे. आईनं पुऱ्या आणि खाकरे बांधून दिले आणि गाडीत बसवून दिलं. पोलीस ॲक्शन होऊन सहा-सात वर्षं झाली होती. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे औरंगाबादेत मोडायचो. निजामाचं राज्य गेलं होतं तरी कचेरीत लोक अजून उर्दूतच अर्ज लिहायचे.

ज्या टेकाडावर आम्ही खणत होतो त्याला गावकरी पांढर म्हणायचे. जुन्या गावाची राखेरी, भुसभुशीत माती. शेतकरी पिढ्यानपिढ्या तिथून गाड्या भरून माती नेत होते, खत म्हणून. आम्ही चार खड्डे घेतले. खापरं निघाली, मणी निघाले, चुलीची राख निघाली. आणि हाडं तर विचारूच नका. रोज संध्याकाळी पाच-सहा पाट्या भरून हाडं माझ्या तंबूसमोर येऊन पडायची. सगळी तुटलेली, मातीनं माखलेली, बोटाएवढी, वीतभर. ती धुवायची, वाळवायची, आणि कोणतं गाईचं, कोणतं म्हशीचं, कोणतं शेळीचं, हे वेगळं करायचं. शेवटचा निवाडा पुढे मोठ्या तज्ज्ञांकडे होणार होता, पण पहिली निवड माझी.

मला काहीच येत नव्हतं. पुस्तकातलं हाड अख्खं असतं आणि त्याला बाण काढून नावं दिलेली असतात. इथं हातात येत होते ते तुकडे. पहिले आठ दिवस मी अंदाजानं ढीग लावले. मोठं असलं की गाय, बारीक असलं की शेळी.

नवव्या दिवशी पाटी ओतायला आलेला एक मजूर तिथंच थांबला. वय पन्नाशीचं, अंगानं काटक, डोक्याला पांढरा पटका. सगळे मजूर त्यांना मामा म्हणायचे. ते माझ्या ढिगाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शेट, रागावू नका. ह्या गाईच्या ढिगात डुकराचा जबडा हाय."

"कशावरून?"

त्यांनी तो उचलला नाही. आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवल्यावर उचलला. "दाढा बघा. गाईची दाढ घासून सपाट होती, चंद्रकोरीवानी रेघा दिसत्यात. ही कशी गाठीगाठीची हाय. हे डुकरच." मग खाली बसून त्यांनी सगळा ढीग उपसला. मेंढीचं शिंग वेगळं, शेळीचं वेगळं. एका बरगडीवर बारीक आडव्या रेघा होत्या, त्या त्यांनी नखानं दाखवल्या. "हितं सुरी लागलीय. कापणाऱ्याचा हात उजवा व्हता."

मामा महारवाड्यातले. तेव्हा आम्ही सगळे हाच शब्द बिनदिक्कत वापरायचो. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं आणि सोलणं हे त्यांच्या घराकडे बापजाद्यांपासून आलेलं काम. जनावराच्या अंगात कोणता सांधा कुठं आहे हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. पण ते काम त्यांनी सोडलं होतं. आदल्या वर्षी साऱ्या वस्तीनं मिळून शपथ घेतली होती की मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही, ओढायचं नाही, सोलायचं नाही, ते मांस खायचं नाही. पुढाकार मामांच्याच थोरल्या मुलाचा होता. तो जालन्याला रेल्वेत कामाला होता आणि सुट्टीत येऊन सभा घ्यायचा. घराघरातल्या सुऱ्या गोळा करून त्यांनी गिरजेच्या डोहात टाकल्या होत्या. गावाला ते आवडलं नव्हतं. तेव्हापासून मेलेलं जनावर ज्याचं त्यानं कसंबसं ओढ्यात नेऊन टाकायचं, अशी पाळी आली होती.

साहेबांना विचारून मी मामांना खड्ड्यातून काढून माझ्या हाताखाली घेतलं. "हाताखाली" हा शब्द हजेरीपटातला. मी त्यांना अरे-तुरे करायचो. माझ्या दुप्पट वयाचा माणूस, आणि मी "ए मामा, हे बघ रे" म्हणायचो. आता लिहिताना ते जमत नाही, म्हणून "ते" लिहितो आहे. पण तेव्हाचं खरं तेच होतं.

सुरुवातीला ही जुनी हाडं हाताळण्यावरूनही वस्तीत कुरकुर झाली. मामांनी समजूत घातली, "ही माती झालेली हाडं हायेत. ह्याला ना मांस ना कातडं. ही शाळाच हाय." त्यांना खरोखर तसं वाटत असावं. प्रत्येक हाडावर काळ्या शाईनं बारीक आकडा घालायचा असे. मी त्यांना आकडे शिकवले. पंधरा दिवसांत ते माझ्यापेक्षा सुबक आकडे घालायला लागले. टाक पुसून ठेवायचे तो इतका जपून की जणू घरातली देवाची वस्तू. रोज दुपारी मी त्यांच्याकडून ऐकायचो आणि संध्याकाळी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहायचो. साहेब वही चाळून म्हणायचे, "छान चाललंय तुमचं." मी वही मिटून घ्यायचो.

मग ते नळीचं हाड निघालं. चांगलं वीतभर, दोन्ही टोकं शाबूत असलेलं, खुराच्या वरचं पायाचं हाड. मी म्हणालो बैलाचं. मामा म्हणाले, "न्हाई शेट. हे रोहीचं." रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे शेतात धुडगूस घालणारं जनावर. "बैलाची नळी आखूड अन् जाड असती. वझं वढायचं असतंय त्याला. रोहीला पळायचं असतंय. बघा कशी उंच, निमुळती हाय."

साहेबांना सांगितलं तर ते एकदम उठून उभे राहिले. तोवर त्यांचा समज होता की इथले लोक नुसते शेती करणारे. रोही निघाली म्हणजे शिकारही होती. पण ते म्हणाले, "नुसत्या बोलण्यावर लिहिता येणार नाही. शेजारी ठेवायला ओळखीच्या जनावराचं हाड पाहिजे. मी पुण्याला चाललोच आहे, गुरांच्या कॉलेजला पत्र टाकतो. ते सांगाडा देतील." आणि ते दहा दिवसांसाठी गेले.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी पाटलांचा बैल मेला. म्हातारा होऊन, आपोआप. माणसांनी तो गाडीला बांधून ओढ्यात नेऊन टाकला. मला ही बातमी सकाळी कळली. माझ्या डोक्यात एकच आलं, साहेब परत येतील तेव्हा बैलाची नळी आणि ती नळी टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेली असेल. पण दुपारपर्यंत गिधाडं आणि कुत्री काही शिल्लक ठेवणार नव्हती.

मी मामांना म्हणालो, "चारी पाय नि डोकं, एवढंच काढायचंय. उकळून हाडं साफ करू."

ते उठून उभे राहिले. "ते काम आमी सोडलंय, शेट."

"हे ते काम नाही. हा अभ्यास आहे."

"वस्तीला काय म्हाईत अभ्यास? त्यांला बैल दिसंल अन् सुरी दिसंल."

"आज बाजारचा दिवस. वस्तीत कुणी नाही. कुणाला कळणार पण नाही."

"मला कळंल की."

मी चिडलो. मग मी जे बोललो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "साहेबांनी जाताना सांगून ठेवलंय. जनावर मेलं तर मामाकडून काढून घे, म्हणाले. नाहीतर ही हाडांची कामं पुण्याला नेऊ. मग तू परत खड्ड्यात पाटी उचलायला."

साहेबांनी यातलं अवाक्षर सांगितलेलं नव्हतं.

मामा बराच वेळ टाकाकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "सुरी न्हाई माज्याकडं." सुरी मी आणून दिली. केदारखेड्याच्या बाजारातून, सायकल मारत जाऊन.

तुम्ही विचाराल, मी स्वतः का नाही कापलं. चार पायांचे सांधे सोडवायचे, त्यात काय मोठं? मीही स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर असं की मला पाप लागलं असतं. ओढ्याच्या काठावर पन्नास पावलं दूर, बाभळीखाली, तोंडाला उपरणं लावून मी पाठमोरा उभा होतो. मागे सुरीचा आवाज येत होता, गिधाडांना हाकलण्यासाठी मामा मधूनच "हाड्, हाड्" करत होते. माझा धर्म सांभाळायला मी त्यांची शपथ वापरली. तेव्हा असं काही मनातही आलं नाही. वास येत होता एवढंच कळत होतं, आणि कधी संपतंय असं झालं होतं.

पाय आणि डोकं लोखंडी पिंपात घालून आम्ही तंबूमागे उकळायला ठेवलं. मामा नदीवर गेले ते तासाभरानं आले. पटका ओला, कपडे ओले. जेवायला बसले नाहीत. त्या दिवशी आकडेही घातले नाहीत.

ओढ्यात शेण गोळा करणाऱ्या एका बाईनं सगळं बघितलं होतं. ती वस्तीतलीच. दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते खाली मान घालून. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "बैठक बसली व्हती. चुकलो म्हनलो. पुन्हा शपत घेतली." मुलाला जालन्याला निरोप गेला होता. तो आला नाही. सणाला मामांकडे पाठवलेल्या आपल्या पोराला मात्र त्यानं कुणाकरवी तरी परत बोलावून घेतलं. मामांच्या बायकोनं ते पोरगं जाताना बघितलं आणि त्या दिवसापासून तिनं मामांशी बोलणं टाकलं, हे मला दुसऱ्या एका मजुरानं सांगितलं.

इतक्यावर थांबलं असतं तरी मी पुढे विसरून गेलो असतो. पण आठवड्यातच गावात एका शेतकऱ्याची गाय मेली. त्यानं वस्तीत सांगावा धाडला की येऊन ओढा. वस्तीनं नाही म्हणून कळवलं. तेव्हा गाव म्हणालं, पाटलाचा बैल कसा काढला? सरकारी माणसासाठी सुरी धरता, मग आमचंच वावडं का? गाय दारात तशीच पडून राहिली आणि गावानं वस्तीतल्या माणसांना शेतावर घेणं बंद केलं. किराणा देणं बंद केलं. गावातल्या दुकानदारानं तर पीठसुद्धा नाकारलं. तो आमच्याच जातीचा होता, दुरून नातंही लागत होतं. मी त्याच्याकडून रोज सामान आणत होतो. त्याला मी एका शब्दानंही काही बोललो नाही.

साहेब परतले ते या गोंधळात. पाटलांनी त्यांना चावडीवर बोलावलं. आमचे निम्मे मजूर वस्तीतले होते, त्यामुळे खोदकामही बंद पडलं होतं. साहेबांनी मला सोबत नेलं. चावडीच्या ओट्यावर पाटील आणि गावातली पाच-सात माणसं, साहेबांना खुर्ची. वस्तीतली माणसं ओट्याखाली मातीत उभी. मामा सगळ्यांत पुढे.

पाटील म्हणाले, "सायेब, तुमच्या लोकांनी सांगितलं म्हून यानं आमचा बैल कापला. मंग आता ह्यांची शपत ऱ्हायली कुठं? तुमीच सांगा."

साहेब चकित झाले. "आमच्यापैकी कुणी असं सांगितलेलं नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगितलंत का?"

ओट्यावरून खाली बघितलं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. जालन्याचं दुकान, आई, साहेबांची मर्जी, पुण्याच्या नोकरीचं त्यांनी एकदा सहज काढलेलं बोलणं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मी म्हणालो, "मला काही माहीत नाही. मी त्या दिवशी बाजाराला गेलो होतो."

कुणी काही बोलायच्या आत खालून मामांचा आवाज आला. "बराबर हाय. शेट बाजारलाच गेल्ते. म्या माज्या मनानं केलं."

साहेबांना ते पटलं की नाही मला माहीत नाही. ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होते. पण पाटलांची समजूत काढायला त्यांनी त्याच जागी सांगितलं की या माणसाला आम्ही कामावरून कमी करतो. मामांनी पटका नीट केला आणि वस्तीतल्या माणसांच्या मागे जाऊन उभे राहिले. माझ्या लक्षात आहे, त्या माणसांनी त्यांना मध्ये घेतलं.

वस्ती हटली नाही. तीन आठवडे माणसं दुसऱ्या गावांना चालत जाऊन काम करत होती, भोकरदनहून पीठ आणत होती. ती गाय शेवटी मालकानं आणि त्याच्या भावांनी नाकाला फडकी बांधून, स्वतःच्या हातानं दोर लावून ओढत नेली. दोर बांधताना त्यातला एकजण ओकला, असं सांगायचे. मग हळूहळू गाव नरम पडलं, कारण कापूस वेचायला माणसं लागतात.

मी ते हाड साफ करून टेबलावर ठेवलं. बैलाची नळी आखूड आणि जाड. पांढरीतली उंच, निमुळती. मामांचं खरं होतं. साहेबांनी दोन्ही हाडं हातात घेतली आणि बैलाचं कुठून आलं ते न विचारता माझी पाठ थोपटली. पुढे तज्ज्ञांनीही रोहीच ठरवलं. त्या एका हाडावर मला पुण्याला हाडांच्या विभागात मदतनिसाची नोकरी मिळाली. घरी मी सांगितलं, कचेरीतलं काम आहे.

चार-पाच वर्षांनी खोदकामाचा अहवाल छापून आला. इंग्रजीत, चांगल्या कागदावर. हाडांच्या प्रकरणाखाली आभार होते, पहिली निवड आणि ओळख माझी म्हणून. मी तो अहवाल घेऊन दिवाळीला जालन्याला आलो आणि शोधत शोधत रेल्वेच्या क्वार्टर्सपर्यंत गेलो. मामा आता मुलाकडे राहतात असं कळलं होतं. बाप-लेकांचं बोलणं केव्हातरी परत सुरू झालं होतं. कसं, ते मला माहीत नाही.

दार मुलानंच उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं आत घेतलं, खुर्ची दिली. मामा खाटेवर बसले होते. बरेच वाळले होते. मी वाकून नमस्कार केला. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी पाय मागे घेतले.

मी अहवाल पुढे केला. मुलाला इंग्रजी येत होतं. त्यानं उभ्या उभ्या पानं उलटली, हाडांच्या पानावर थांबला, बोट ठेवून वाचलं. "यात बाबांचं नाव कुठाय?"

"राहून गेलं," मी म्हणालो. मग मला तेही खोटं वाटलं. म्हणून मी म्हणालो, "मी दिलंच नाही."

मग मी सगळं बोललो. साहेबांनी सांगितलं नव्हतं, मीच खोटं बोललो होतो, चावडीवरही खोटं बोललो. मुलगा भिंतीला टेकून ऐकत होता.

"सायबानं सांगितलं नव्हतं, ते मला तवाच कळलं व्हतं," ते म्हणाले. "तुमचं त्वांड बघून."

"मग केलंत कशाला? आणि चावडीवर मला वाचवलंत कशाला?"

मी त्यांना पहिल्यांदाच "तुम्ही" म्हणालो होतो. त्यांच्या ते लक्षात आलं असावं.

"केलं, कारन मला ते आकडे घालायचं काम सोडवंना. ती चूक माजी. अन् वाचवलं म्हनता, तर तुमाला वाचवलं न्हाई मी. शेटनं सांगितलं म्हून केलं असं म्हनलो असतो तर समद्या गावाला काय दिसलं असतं? ह्याला अजून बी कुनी सांगावं अन् ह्यानं सुरी धरावी. त्यापरीस मी चुकलो, माज्या मनानं चुकलो, हे बरं व्हतं."

मी म्हणालो, "मला माफ करा."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. कंटाळल्यासारखे. "शेट, तवा पाय पाहिजे व्हते, आता माफी पाहिजे. माज्याकडं आता काय बी न्हाई."

चहा आला. मी घेतला. आमच्या घरात कळलं असतं तर काय झालं असतं, असा विचार तेवढ्यातही माझ्या मनात येऊन गेला, हे कबूल करतो.

मुलगा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. अहवाल त्यानं परत माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाला, "परत येऊ नका. आता दोन दिवस ते जेवणार नाहीत."

मी परत गेलो नाही. पुढची किती वर्षं मी स्वतःला सांगत होतो की मुलाचा शब्द पाळतो आहे. खरं तर तो शब्द पाळणं मला फार सोपं गेलं. मामा वारले ते मला वर्षभरानं, दुकानात कापड घ्यायला आलेल्या एका माणसाकडून कळलं. मी तेव्हा पुण्याहून सुट्टीला घरी आलो होतो आणि गादीवर बसलो होतो. त्या माणसानं किती मीटर पाहिजे ते सांगितलं आणि मी कापड फाडून दिलं.